निकालपत्रकात नाव कोणाचे? हौशी धावण्यातील समावेशाची पार्श्वभूमी

धावायला कोणाची परवानगी लागत नाही असे आपण सहज म्हणतो, आणि रस्त्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. शर्यतीला मात्र परवानगी लागते. क्रमांक कोणाला द्यायचा, घड्याळ केव्हा बंद करायचे आणि निकालपत्रकात कोणाचे नाव लिहायचे हे आयोजक ठरवतात. हौशी धावण्याचे आजचे मोकळे रूप अशाच कागदोपत्री निर्णयांतून घडले आहे, आणि त्यांपैकी बहुतेक निर्णय कोणीतरी नियमाबाहेर धावून दाखवल्यानंतरच झाले.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन झाली, तेव्हा स्टामाटा रेव्हिथी या गरीब ग्रीक स्त्रीला त्या शर्यतीत स्थान मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती तेच अंतर एकटीने धावली. निकालात अर्थातच तिची नोंद नाही. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, अंतिम फेरीतील नऊही धावपटूंनी ती पूर्ण केली, तरीही त्या कोसळल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांत छापून आली आणि १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये हे अंतर स्त्रियांसाठी बंद राहिले. स्त्रीचे शरीर लांब पल्ल्याला झेपणारे नाही, हा समज वैद्यकीय सत्य असल्यासारखा अनेक वर्षे उगाळला गेला. १९६६ मध्ये बॉबी गिब यांचा बोस्टन मॅरेथॉनसाठीचा अर्ज याच कारणाने नाकारला गेला. त्या प्रारंभरेषेजवळच्या झुडपांत थांबल्या आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांत मिसळून धावल्या. पुढच्या वर्षी आद्याक्षरे वापरून नोंदणी केलेल्या कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत असताना एका अधिकाऱ्याने तो क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर गेली.

बोस्टनने १९७२ मध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. आठ जणी धावल्या आणि आठही जणींनी शर्यत पूर्ण केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी, वेगळे निघावे असा नियम लावण्यात आला, तेव्हा सहा धावपटू फलक घेऊन प्रारंभरेषेवर बसून राहिल्या आणि पुरुषांची वेळ झाल्यावर त्यांच्याबरोबरच उठून धावल्या. आयोजकांनी त्यांच्या वेळेत दहा मिनिटे वाढवली. मला हा प्रसंग स्विट्झर यांच्या छायाचित्राहून अधिक बोलका वाटतो, कारण त्यात प्रवेश मिळाल्यानंतरही शिल्लक राहिलेला भेद थेट घड्याळात दिसतो. बोस्टनने गिब यांचे स्त्रियांमधील विजय मान्य केले ते १९९६ मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या धावेनंतर तीस वर्षांनी.

शर्यतीबाहेरचा बदल न्यूझीलंडमध्ये सुरू झाला. प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये सामान्य प्रौढांचा, त्यांत हृदयविकारातून उठलेल्यांचाही, जॉगिंग क्लब उभा राहिला. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, ही तिथली शिस्त होती. ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले असता त्यांच्याहून वयाने बरेच मोठे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले गृहस्थ त्यांच्यापेक्षा सहज धावताना त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर त्यांनी तोच प्रयोग आपल्या गावी सुरू केला. धाप लागू न देण्याच्या या साध्या नियमाने दोन गोष्टी एकदम साधल्या: धावणे मध्यमवयीनांच्या आवाक्यात आले आणि ते गप्पांसह करण्याजोगे झाले.

वर्णभेदाचा इतिहास याला समांतर चालतो. अमेरिकेतील अनेक प्रतिष्ठित अॅथलेटिक क्लबांत कृष्णवर्णीयांना व ज्यूंना सदस्यत्व मिळत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९३६ मध्ये स्थापन झालेला पायोनियर क्लब मात्र पुढे सर्व वंशांच्या व धर्मांच्या धावपटूंना घेऊ लागला. त्याच क्लबमधून आलेले टेड कॉर्बिट १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या रोड रनर्स संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. रस्ता तेवढ्याने सर्वांसाठी सारखा झाला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात अहमद आर्बेरी या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा धावत असताना पाठलाग करून गोळ्या घालून खून झाला. शर्यतीचे नियम समिती बदलू शकते. कोणाला धावताना पाहून संशय येतो, हे तिच्या हाती नसते.

अपंग धावपटूंच्या बाबतीतही प्रमाणपत्राचाच प्रश्न आधी आला. १९७५ मध्ये बॉब हॉल व्हीलचेअरवरून बोस्टनला उतरले, तेव्हा तीन तासांच्या आत आल्यास अधिकृत प्रमाणपत्र देऊ, असे त्यांना सांगण्यात आले. ते २ तास ५८ मिनिटांत पोहोचले. कृत्रिम पाय लावून १९७६ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणारे डिक ट्रॉम यांनी १९८३ मध्ये अकिलीस ट्रॅक क्लब स्थापन केला. अशा क्लबांत दृष्टिहीन धावपटू आणि मार्गदर्शक हातात एक आखूड दोरी धरून शेजारी शेजारी धावतात. पुढचे वळण, पदपथाची कड, पाण्याचे टेबल हे सारे मार्गदर्शक तोंडाने सांगत जातो आणि वेग मात्र दृष्टिहीन धावपटूच ठरवतो. समावेश म्हणजे कोणाला सोबत ओढत नेणे नव्हे, हे या पद्धतीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

समलिंगी धावपटूंचे गट सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ पासून एकत्र धावू लागले आणि त्यांतून फ्रंटरनर्स या नावाचे क्लब अनेक शहरांत निघाले. बोस्टन आणि लंडन मॅरेथॉनने नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ पुरुष किंवा केवळ स्त्री न मानणाऱ्या, धावपटूंसाठी स्वतंत्र गट २०२३ मध्ये सुरू केला, आणि त्याच वर्षी बोस्टनने गर्भवतींना प्रवेश पुढे ढकलण्याची मुभा दिली.

संथ धावणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत उशिरा गांभीर्याने घेतला गेला. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांत शर्यत पूर्ण करण्याच्या वेगाने जाणाऱ्या गटातील लोकांना सफाई कर्मचारी व कंत्राटदारांकडून अपमानास्पद शेरे ऐकावे लागले, पाण्याची ठिकाणे त्यांच्या डोळ्यांदेखत आवरली गेली, आणि आयोजकांना माफी मागावी लागली. याच्या नेमकी उलट रचना पार्करनने केली आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी तेरा धावपटूंसह सुरू केलेला हा दर शनिवारचा पाच किलोमीटरचा उपक्रम विनामूल्य असून स्वयंसेवकांवर चालतो. सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक चालत येतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक कोणाही सहभागी व्यक्तीच्या वाट्याला येत नाही, आणि तो पोहोचेपर्यंत घड्याळ चालू राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करनने वेगाचे विक्रम संकेतस्थळावरून काढून टाकले. नवख्यांना दडपण येऊ नये हा त्यामागचा हेतू सांगितला गेला, तर वेगवान धावपटूंच्या मेहनतीची नोंदच पुसली गेली असा आक्षेप अनेकांनी घेतला. माझ्या मते हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण ज्यांच्या नोंदी आधी घेतल्याच जात नव्हत्या त्यांनी नोंद होण्यासाठीच हा सारा झगडा केला होता. प्रत्येकाची वेळ आणि क्रमांक आठवड्याच्या निकालात पूर्वीप्रमाणेच लागतात. सर्वांत वेगवानांची वेगळी यादी असावी की नसावी, याबद्दल धावपटूंमध्ये एकमत झालेले नाही.