इन्व्हर्टरला अर्धाच हिशेब ठाऊक असतो

छतावर सौर पॅनेल बसवली की मोबाइलवर अ‍ॅप येतं आणि घरातली मंडळी उठता-बसता त्यातला आलेख पाहू लागतात. सकाळी चढणारी, दुपारी माथा गाठणारी ती रेघ पाहायला छानच वाटते; पण ती असते फक्त निर्मितीची. घराने किती वीज वापरली, हे तिच्यावरून मुळीच कळत नाही.

निर्मिती मोजणं सोपं, कारण पॅनेलची सगळी वीज इन्व्हर्टरमधूनच, म्हणजे ती घरात चालेल अशा एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रातूनच जाते. त्याला कामासाठीच व्होल्टेज आणि करंट सतत मोजावे लागतात. पुढे ती वीज फ्रिजमध्ये गेली की ग्रिडमध्ये (वीज कंपनीच्या जाळ्यात), हे मात्र त्याला दिसत नाही.

म्हणून मुख्य मीटरजवळच्या तारेभोवती एक छोटं कडं अडकवतात. हा करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच सीटी. तार कापावी लागत नाही, सोलावीही लागत नाही. तारेतला करंट सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं करतो, त्यामुळे तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि कड्यातल्या वेटोळ्यात त्याच प्रमाणात बारीकसा करंट उमटतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच.

पण करंट स्वतःच सारखी दिशा बदलत असेल, तर वीज घरात येतेय की बाहेर जातेय हे कसं ओळखायचं? मला यातला सगळ्यात गमतीचा भाग हाच वाटतो. उत्तर व्होल्टेजच्या लाटेत आहे. दोन्ही लाटा बरोबरीने चढत-उतरत असतील तर वीज आत येतेय. एक चढताना दुसरी उतरत असेल तर बाहेर चाललीय. यंत्र क्षणोक्षणी दोन्हींचा गुणाकार करून सरासरी काढतं आणि तिचं अधिक-उणे चिन्ह पाहतं. कडं उलटं बसलं की चिन्हही उलटतं, आणि भर उन्हात जास्तीची वीज बाहेर जात असताना घर ती विकत घेतंय असं दिसतं!

आता वापर निघतो साध्या वजाबाकीने. निर्मिती ३ किलोवॉट आणि ग्रिडकडे चालले २.२, म्हणजे घर घेतंय ०.८. बॅटरी असेल तर तिची आवक-जावकही धरायची.

अ‍ॅपचा आलेख बहुधा काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. निर्मिती १ किलोवॉट असताना २ किलोवॉटचा हीटर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद राहिला, तर सरासरीत हिशेब जुळलेला दिसतो. आवक आणि जावक वेगवेगळी नोंदवणारा मीटर मात्र आधी १ किलोवॉटची आवक धरतो, मग तेवढीच जावक.

दुपारच्या शिखरापेक्षा मी आधी मध्यरात्रीचा आकडा पाहीन. सगळे झोपलेले असताना घर १५० वॉट ओढत असेल आणि तेवढा भार दिवसभर कायम राहत असेल, तर चोवीस तासांत ३.६ युनिट तिथेच जातात. त्यातले निम्म्याहून अधिक ऊन नसतानाच्या तासांतले असतात, म्हणजे बॅटरी नसेल तर ते ग्रिडकडूनच येतात.