मांडवातल्या ट्यूबा आणि युरोपियमचा लाल

यवतमाळ-वर्ध्याकडे लग्नाचा मांडव म्हणजे बांबूला बांधलेल्या ट्यूबा आणि मागे धडधडणारं जनरेटर. त्या उजेडात नवरीचा लाल शालू विटकरी दिसायचा, हळद हिरवट पडायची, फोटोग्राफर वैतागायचा. दोष काचेला आतून लावलेल्या पांढऱ्या पावडरीचा होता.

ट्यूबमधली पाऱ्याची वाफ मुख्यतः २५३.७ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडते. ते आपल्याला दिसत नाहीत. पावडर, म्हणजे फॉस्फर, ते शोषून दिसणारा प्रकाश देते. शोषलेल्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते, हे जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्येच मांडलं होतं. १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूब बाजारात आली. पुढे तिच्यात कॅल्शियम हॅलोफॉस्फेट आलं: अँटिमनीचा निळसर आणि मँगनीजचा नारिंगी उजेड मिळून पांढरा. त्यात खरा लाल कमीच, पण पावडर स्वस्त. म्हणून खेड्यापाड्यांत ती वर्षानुवर्षं टिकली.

लाल रंगाची गरज आधी भासली रंगीत टीव्हीवाल्यांना. १९६४ मध्ये लेविन आणि पालिला यांनी अमेरिकेत युरोपियम नावाचा दुर्मिळ धातू घातलेलं, लाल उजेड देणारं यट्रियम व्हॅनेडेट पुढे आणलं. दिव्यासाठी मात्र यट्रियम ऑक्साइड ठरलं. अतिनील किरण आला की ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन युरोपियमकडे सरकतो, ती ऊर्जा त्याच्या आतल्या, ४एफ नावाच्या इलेक्ट्रॉन-कक्षेत उतरते आणि ६११ नॅनोमीटरजवळ लाल प्रकाश सुटतो. उरलेली, निम्म्याहून जास्त, उष्णतेत जाते. ४एफवर बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं कवच असतं. ओसरीवर कितीही गलका असो, माजघरात पोचत नाही, तसं शेजारच्या अणूंचं फारसं चालत नाही; म्हणून रंगाचा पट्टा अरुंद आणि रंग चोख.

१९७० च्या दशकात फिलिप्सच्या संशोधकांनी निळा, हिरवा, लाल अशा तीन पावडरी एकत्र केल्या. हिरव्यात सिरियम किरण शोषतं आणि ऊर्जा टर्बियमच्या हवाली करतं; दोन्ही युरोपियमच्याच कुळातले धातू. बारीक नळीत अतिनीलचा मारा तीव्र असतो. हॅलोफॉस्फेट तिथे लवकर निकामी होतं, या पावडरी तग धरतात. सीएफएल शक्य झाला तो त्यामुळे, आणि माझ्या मते श्रेय नळीच्या वळणांपेक्षा पावडरीला जास्त द्यावं. आपल्याकडे तो घराघरांत आला ते भारनियमनाचे दिवस. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज डोक्यावरच्या तारांतून जायची आणि खालचं गाव अंधारात!

एलईडीत पारा नाही, अतिनीलही नाही. निळा उजेड देणारी चिप आणि तिच्यावर पिवळा उजेड देणारी पावडर: सिरियम घातलेलं यट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट. स्वस्त बल्बात लाल पुन्हा कमी. चांगल्या बल्बात युरोपियम घातलेलं नायट्राइड मिसळून ती तूट भरतात.

असे फॉस्फर करून पाहणं हा नागपूर विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आणि विदर्भातल्या कित्येक कॉलेजांचा जुना विषय. बंगळुरूला १९८० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ के. सी. पाटील यांनी रुळवलेली ज्वलनपद्धत लहान प्रयोगशाळेलाही परवडते. धातूंची नायट्रेटं आणि युरिया, हो, शेतात टाकतो तोच, यांचं मिश्रण पाचशे अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवायचं. ते उकळतं, फसफसतं, भपकन पेट घेतं आणि काही मिनिटांत भांड्यात पांढरी, फुगलेली, हाताने चुरता येणारी राख उरते. चांगली उतरली की नाही, हे लगेच अतिनील दिव्याखाली धरून बघतात.