स्पॅनिशमधली कुटुंबं: शब्दांमागची वर्षं

नागपुरात स्पॅनिशचा वर्ग कुठेही भरो, ए-१ या सुरुवातीच्या पातळीच्या पुस्तकात कुटुंबाचा पाठ हमखास येतो. आई ती माद्रे, वडील पाद्रे, भाऊ एर्मानो. काका आणि मामा दोघेही तिओच. घरात मोठे बाबा वेगळे आणि काका वेगळे म्हणणाऱ्या वैदर्भीय मुलांना ही भाषा नात्यांच्या बाबतीत गरीब वाटू लागते. तसं नाही. व्याह्यांना कोन्सुएग्रो आणि साडूला कोन्कुन्यादो असे स्वतंत्र शब्द तिच्यात आहेत.

खरी अडचण पुढच्या पानावर येते. तिथे कुटुंबाचे प्रकार दिलेले असतात आणि मुलं ते नुसते पाठ करतात. माझ्या मते ते सालांसकट शिकवायला हवेत, कारण यांतले बरेचसे प्रकार कायद्याच्या मागोमाग रोजच्या बोलण्यात आले.

स्पेनमध्ये १९३२ साली प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा केला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९३९ मध्ये तो रद्द केला. त्या काळात कायदा मुलांचीही औरस-अनौरस अशी विभागणी करत होता. फ्रँको १९७५ मध्ये वारला. १९७८ च्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमाने सगळी मुलं कायद्यापुढे समान ठरवली, आई विवाहित असो वा नसो. १९८१ मध्ये घटस्फोट पुन्हा कायदेशीर झाला. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. म्हणजे ही वाट स्पेनच्या पाव शतक आधी इथे खुली झाली होती.

या बदलांनंतर एक पालक असलेलं घर, फामिलिया मोनोपारेंताल, उघडपणे बोलण्याचा विषय झालं. आधीच्या लग्नाची मुलं घेऊन दोघांनी नव्याने मांडलेल्या संसाराला स्पेनमध्ये फामिलिया रेकोन्स्तितुइदा म्हणतात, अर्जेंटिनात एन्साम्ब्लादा. अर्जेंटिनात घटस्फोट १९८७ मध्ये आला, चिलीत तर थेट २००४ मध्ये. सावत्र आईसाठी माद्रास्त्रा हा जुना शब्द आहे, पण त्याला आपल्या ‘सावत्र’सारखाच कडवटपणा चिकटलेला. २०१५ पासून लागू झालेल्या अर्जेंटिनाच्या नव्या नागरी संहितेने तो टाळून ‘प्रोखेनितोर आफीन’ असा तटस्थ शब्द घेतला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क स्पेनमध्ये २००५ मध्ये मिळाला आणि अर्जेंटिनात २०१० मध्ये. पाठातली फामिलिया ओमोपारेंताल, म्हणजे समलिंगी पालकांचं कुटुंब, समजून घ्यायला ही दोन सालं लागतातच.

फामिलिया नुमेरोसा मात्र वेगळी. मोठं कुटुंब एवढाच अर्थ घेतला तर फसगत होते, कारण स्पेनमध्ये तो सरकारी दर्जा आहे. १९४० च्या दशकात लोकसंख्या वाढवायची म्हणून फ्रँको सरकार जास्त मुलं असणाऱ्यांना बक्षिसं देई, आणि या दर्जासाठी किमान चार मुलं लागत. आज साधारणपणे तीन पुरतात. २००३ च्या कायद्यानुसार या कुटुंबांना सार्वजनिक विद्यापीठांत निम्मी फी माफ होते. पाच किंवा अधिक मुलं असतील तर पूर्ण. ‘हम दो हमारे दो’च्या पाट्या बघत वाढलेल्या आईवडिलांना मुलांनी हे घरी सांगावं, शब्द कायमचा लक्षात राहील.

क्युबाने २०२२ मध्ये सार्वमत घेऊन नवा कौटुंबिक कायदा स्वीकारला. १९७५ च्या जुन्या कायद्याच्या नावात फामिलिया एकवचनी होती, नव्याच्या नावात ती अनेकवचनी आहे: फामिलियास.