सूर्य उजव्या हाताला

फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी लोक) कोलंबसाच्या दोन हजार वर्षं आधी अमेरिकेत पोचले होते, असा मेसेज अधूनमधून आमच्या ग्रुपवर येतोच. पुरावा म्हणून ब्राझीलमधला पाराइबाचा शिलालेख. १८७२ साली त्याची नुसती नक्कल पत्रातून आली. मूळ दगड काही कुणाला सापडला नाही. जाणकारांनी तो केव्हाच बनावट ठरवलाय, पण मेसेज काही थांबत नाहीत.

याच फिनिशियनांची दुसरी एक सफर मात्र फार मजेशीर आहे. इ.स.पू. ६०० च्या सुमारास इजिप्तचा राजा दुसरा नेको याने तांबड्या समुद्रातून फिनिशियन खलाशी आफ्रिकेभोवती धाडले. शरद ऋतू आला की ते किनाऱ्याला लागत, धान्य पेरत, कापणी उरकून पुढे निघत. तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरमार्गे परतले. दीडेकशे वर्षांनी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे लिहिलं आणि वर पुस्ती जोडली की, वळसा घालताना सूर्य उजव्या हाताला होता असं ते सांगतात. ‘दुसऱ्या कुणाला पटो, मला नाही पटत,’ असंही तो म्हणतो.

आता आफ्रिकेच्या टोकाशी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात उत्तरेला. म्हणजे भर दुपारी सूर्य उत्तरेला! फिनिशियनांचं शहर टायर, आजच्या लेबनॉनमधलं, ३३ अंश उत्तरेला. सूर्य साडेतेवीस अंशांवरून मागे फिरतो, त्यामुळे तिथे तो माध्यान्हीला कायम दक्षिणेकडेच.

आपल्याला हे घरीच बघता येतं. मुंबई १९ अंशांवर. १५ मेच्या आसपास गच्चीत बाटली उभी करा, माध्यान्हीला सावली बुडाखाली गुडूप. तिथून २७ जुलैपर्यंत दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते; पावसाळी ढगांमुळे आपल्या लक्षात येत नाही इतकंच. (सावली गेली म्हणून शांत वगैरे करायची गरज नाही.) जसजसं दक्षिणेला जाल तसा हा काळ वाढतो. विषुववृत्तावर सहा महिने, मकरवृत्तापलीकडे बारमाही. आफ्रिकेचं टोक तर जवळपास ३५ अंश दक्षिणेला.

थाप मारायची तर ऐकणाऱ्याला पटेल अशी मारतात. ही हेरोडोटसलाच पटली नाही, म्हणजे थाप नसावी. तरी एक खोच राहतेच. इजिप्तच्या दक्षिणेला, सुदानात, ऐन उन्हाळ्यात सूर्य काही आठवडे उत्तरेला जातोच, आणि इजिप्शियनांची तिथे ये-जा होती. त्यामुळे प्रदक्षिणा खरंच पुरी झाली का, यावर इतिहासकार अजून भांडताहेत.