कोकणातली चक्रीवादळे: बावट्यापासून वाडीपर्यंत

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनारा ओलांडून आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतक्या जोराचे वादळ आल्याची नोंद हवामान खात्याच्या १८९१ पासूनच्या दप्तरात नव्हती. माणसे थोडी दगावली, पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत छपरे, सुपारी-नारळाच्या वाड्या, आंब्याची कलमे आणि विजेचे खांब अक्षरशः आडवे झाले. वादळे ओडिशा-आंध्रला येतात, कोकणात नाही, हा समज त्या दिवशी मोडला असे तेव्हा बरेच लिहिले गेले. खरे तर तो समज आधीही चुकीचाच होता. कोकणाच्या गाठीला वादळांचा चांगला चारशे वर्षांचा इतिहास आहे, पण तो जवळजवळ सगळा पाण्यावर घडलेला. बुडाली ती गलबते, आगबोटी आणि होड्या. त्यामुळे इशाऱ्याची व्यवस्थाही बंदरांसाठी उभी राहिली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बंदरातच राहिली.

पोर्तुगीज बखरकारांनी मे १६१८ मधल्या एका भीषण वादळाची नोंद केली आहे. वसई-मुंबईच्या पट्ट्यात त्याने साठ गलबते आणि दोन हजार माणसे घेतली असे ते सांगतात. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्री मुंबई बंदरात असाच हाहाकार उडाला. काही तासांत सुमारे हजार लोक मेले, तेही बहुतेक नांगरलेल्या जहाजांवरचे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि सातशेहून अधिक उतारूंसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. तिचे अवशेषसुद्धा मिळाले नाहीत.

या यादीत '६ जून १८८२ चे मुंबईचे वादळ, एक लाख मृत्यू' अशी एक नोंद हमखास घुसवली जाते. 'निसर्ग'च्या वेळीही ती बातम्यांतून फिरली. असे वादळ झालेलेच नाही. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४. शहरातला दर आठवा माणूस एका दिवसात मेला असता तर जनगणनेत, पालिकेच्या मृत्युनोंदीत, वर्तमानपत्रांत कुठेतरी खड्डा दिसला असता. तो दिसत नाही. दुसरा गोंधळ 'रामदास' बोटीचा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक लोक बुडाले. पण तो ऐन पावसाळ्यातला खवळलेला समुद्र होता, चक्रीवादळ नव्हे.

जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात सहसा चक्रीवादळ उभे राहत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वादळाला दोन गोष्टी लागतात: पाण्याचे तापमान साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर, आणि समुद्रसपाटीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत वाऱ्याची दिशा व वेग फार न बदलणे. मोसमी पाऊस जोरात असला की खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा वारा अशी ओढाताण चालते. वादळाचा खांब उभा राहण्याआधीच वाकतो. म्हणून वादळांना दोनच खिडक्या उरतात, मे-जूनची आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची. यातही बंगालच्या उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असे जुने प्रमाण होते, आणि त्या एकातलीही बरीच ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे निघून जात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ मध्ये तिथे पाच वादळे झाली. त्यांतले 'क्यार' तर किनाऱ्याला शिवलेही नाही, तरी त्याच्या पावसाने कोकणातले कापणीला आलेले भात झोपवले.

कोकणात या दोन खिडक्यांचे नुकसान वेगवेगळे असते. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. 'निसर्ग' बंदीच्या तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून झालेल्या होत्या. याउलट ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनारा ओलांडणारे 'फयान' वेगाने यापेक्षा पुष्कळ सौम्य होते, पण ते भर हंगामात आले. समुद्रात आठ-दहा दिवसांच्या फेरीवर गेलेल्या होड्यांपर्यंत इशारा पोचलाच नाही आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक खलाशी परतले नाहीत. मे २०२१ चे 'तौक्ते' किनाऱ्यापासून लांबून गुजरातकडे गेले, तरी १७ मे रोजी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याच वादळात मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रात उभा असलेला 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा बुडाला. वेगाचा आकडा पाहून धोका मोजणे म्हणूनच अपुरे ठरते. त्या दिवशी पाण्यावर कोण आहे हे आधी पाहावे लागते.

इशाऱ्याची गोष्ट कोलकात्यापासून सुरू होते. 'सायक्लोन' हा शब्द घडवणारे हेन्री पिडिंग्टन तिथलेच. ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कोलकाता बंदर उद्ध्वस्त झाल्यावर १८६५ मध्ये तिथे वादळ-इशाऱ्याची पद्धत सुरू झाली, १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले, पुढे पश्चिम किनाऱ्यावरची बंदरेही या पद्धतीत आली आणि १८९८ पासून सगळ्या बंदरांना एकच संकेत लागू झाले. दिवसा काठीवर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे. कोळीवाड्यात 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात तो हाच संकेत.

हे अकरा संकेत नीट वाचले तर वादळाचे शास्त्र त्यांत सापडते. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदर सोडणाऱ्या जहाजांनी सावध राहावे. ३ म्हणजे बंदरात जोराचे झोत येतील. ४ म्हणजे बंदराला वादळाचा धोका संभवतो, पण निर्वाणीची तयारी करण्याइतका नाही. ५, ६, ७ हे धोक्याचे आणि ८, ९, १० हे मोठ्या धोक्याचे. या दोन्ही तिकड्यांत पहिला आकडा सांगतो की वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल, दुसरा उजव्या हाताला, तिसरा थेट बंदरावरून किंवा अगदी जवळून. ११ म्हणजे इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवा बिघडण्याचा धोका वाटतो आहे.

डावे-उजवे एवढे महत्त्वाचे का? आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत किनाऱ्याला येत असेल तर त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. उजव्या हाताला, दक्षिणेला, तो समुद्राकडून जमिनीवर येतो. शिवाय वादळाच्या स्वतःच्या चालीची त्यात भर पडते आणि पाणी किनाऱ्यावर लोटले जाते. 'निसर्ग'च्या दिवशी मुंबई डाव्या हाताला होती, म्हणून थोडक्यात वाचली. मंडणगड-दापोली उजव्या हाताला होते. आणखी दक्षिणेला रत्नागिरीजवळ नांगर टाकून उभे असलेले 'बसरा स्टार' जहाज त्याच दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले. वादळाच्या मध्यापासून एवढ्या लांब असूनही हे झाले, कारण बाजू उजवी होती. बंदर अधिकाऱ्याला हे शंभर वर्षे ठाऊक होते. वाडीतल्या माणसाला कोणी सांगितले नव्हते.

त्याला सांगायला हवी अशी आणखी एक गोष्ट. मध्य ज्या गावावरून जातो तिथे अर्धा-पाऊण तास वारा पडतो, आभाळ उजळते, लोक पत्रे गोळा करायला बाहेर येतात. मग वारा उलट दिशेने, एकदम पूर्ण जोरात सुरू होतो. आधीच्या वाऱ्याने मुळाशी हललेली झाडे आणि ढिले झालेले पत्रे या दुसऱ्या फेरीत जातात.

छपरांचे गणित साधे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा पावसाळी झोत चौरस मीटरला साधारण १७ किलोचा दाब देतो, तर १२० किलोमीटरचा ६८ किलोचा. उतरत्या छपरावर हा जोर खाली दाबण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी वर ओढतो, सर्वांत जास्त पागोळीच्या कडेला, आढ्यापाशी आणि कोपऱ्यांत. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार किलो भरते, मंगलोरी कौलांचे चाळीसच्या आसपास. माकडांचा उपद्रव, दरवर्षीची शाकारणी आणि सुतारांची वानवा यांमुळे गेल्या काही दशकांत कोकणातल्या घरांनी कौले उतरवून पत्रे घातले. माकडांपुरता तो निर्णय बरोबर होता. पण पत्रा टिकतो तो वजनावर नव्हे, हुकांवर, आणि हुक मारताना सगळीकडे सारखेच अंतर ठेवले गेले. कडेच्या, आढ्याच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत ते अंतर निम्मे हवे. हुकाखाली रुंद वायसर नसेल तर पातळ पत्रा भोकापाशी फाटतो आणि सिमेंटचा तडकतो. पत्रा पक्का, पण वासा भिंतीवर नुसताच टेकवलेला, असेही होते. मग छप्पर अख्खे उचलले जाते. वासा भिंतीतल्या पाटाला, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, लोखंडी पट्टीने आणि पाट भिंतीत गाडलेल्या सळीने, अशी साखळी पायापर्यंत जायला हवी.

जुन्या घरांतल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतात. चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वारा चांगले सोसते, कारण त्याला त्रिकोणी उभी भिंत नसते. आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे असेल तर पडवी गेली तरी माजघर वाचते. खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो, हा सल्ला मात्र ऐकू नये. वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी उघडली की घर आतून फुगते आणि छपराला खालून धक्का बसतो. दारे-खिडक्या घट्ट लावून आतून आडणे घालावे.

वाड्यांचे नुकसान सावरायला वर्षे लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारी हे या पट्ट्याचे नाव, आणि सुपारीचे झाड सडपातळ असल्याने ते वाकण्याऐवजी मधोमध मोडते. नवे रोप फळावर यायला पाच ते सात वर्षे जातात. नारळ वाकून तग धरतो, पण शेंड्याचा कोंब मोडला तर झाड संपले. इशारा मिळाल्यावर घराजवळच्या माडांवरचे तयार नारळांचे घड आणि वाळलेल्या झावळ्या उतरवाव्यात. वजनही कमी होते आणि उडणारी वस्तूही. उन्मळलेले लहान कलम मुळे सुकण्याआधी उभे करून मातीची भर आणि टेकू दिला तर जगू शकते. मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून त्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यायचे, लोखंडाचे नाही.

विजेचा धडा सर्वांत लांबला. खांब पडले, वीज गेली, त्यामागोमाग मोबाइलचे मनोरे आणि नळपाणी योजना बंद पडल्या. काही गावांना पूर्ववत व्हायला महिना लागला. रहाट असलेली विहीर अशा वेळी पंपाच्या विहिरीपेक्षा कामाची ठरते. ओडिशाने १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यावर किनाऱ्यावर निवारे बांधले. केंद्राच्या चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ओडिशा आणि आंध्र होते. महाराष्ट्र आला तो २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात. निवारे, खारबंधारे आणि अलिबागच्या भूमिगत वीजवाहिन्या ही त्यातली कामे. तोवर निवारा म्हणजे गावची शाळा, आणि तिच्यावरही पत्राच.

भरपाईचे निकषही मैदानी शेतीचे होते. बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळत. 'निसर्ग'नंतर राज्याने ते ५०,००० केले, मर्यादा दोन हेक्टरची. पण किनाऱ्यावरची वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांत शे-दोनशे सुपाऱ्या आणि मधे नारळ, खाली मिरी-जायफळ. हेक्टरी हिशेबाने हातात येणार पाचएक हजार. ओरड झाल्यावर झाडागणिक दर आला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये, आणि 'तौक्ते'नंतरही तोच लागू राहिला. मोडलेली वाडी साफ करायची मजुरीही त्यातून सुटत नाही, हे खरे. तरीही पंचनाम्यात क्षेत्राबरोबर झाडांची संख्या येऊ लागली. म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक येऊन जाईपर्यंत पडलेली खोडे कापून बाजूला करू नयेत. रस्ता अडत असेल तर आधी फोटो काढावेत आणि बुंधे जागेवर ठेवावेत, कारण मोजणी बुंध्यांचीच होते.