पोर्कोचं विमान आणि कर्टिसचं विमान एकाच जातीचं नाही

‘पोर्को रोस्सो’ या जपानी ॲनिमेशनपटाबद्दल काहीही वाचायला घ्या, ‘दोन सीप्लेनची झुंज’ हे शब्द येतातच. पाण्यावरून उडणारं ते सीप्लेन, एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण हायाओ मियाझाकींच्या या 1992 च्या चित्रपटाचा जीव त्या दोन विमानांच्या फरकातच आहे. नायक असलेल्या वैमानिक पोर्कोचं लाल विमान फ्लाइंग बोट आहे आणि त्याचा प्रतिस्पर्धी, अमेरिकन वैमानिक डोनाल्ड कर्टिस याचं फ्लोटप्लेन. मियाझाकींच्या ज्या चित्रकथेवरून हा चित्रपट आला, तिचं नावच ‘फ्लाइंग बोटींचा काळ’ असं आहे. तरीही लोक दोन्हींना एकाच नावाने हाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

फ्लोटप्लेन तुम्हाला माहीत आहे. मालदीवमध्ये विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटावर नेणारं ट्विन ऑटर तेच. नेहमीचं विमान, फक्त चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ फ्लोट. विमानाचं धड पाण्याला टेकतच नाही. एवढं पुरे.

फ्लाइंग बोटीत मात्र धड हीच होडी. वैमानिक त्या होडीत बसतो आणि तिचा तळ थेट पाण्यात असतो. पंखांखाली दोन छोटे फ्लोट दिसतात, ते फक्त विमान कलंडू नये म्हणून. लोक फसतात ते इथेच: ‘फ्लोट दिसले, म्हणजे फ्लोटप्लेन.’ फ्लोट आहेत की नाहीत हे बघूच नका. विमानाचा भार कशावर तरंगतोय ते बघा.

बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं. धड पाण्यात असेल तर नाकावर प्रोपेलर लावता येत नाही, तो पाण्यावर आपटेल. म्हणून इंजिन पंखाच्याही वर, दांड्यांच्या आधारावर चढवावं लागतं. पोर्कोच्या विमानाचा तो चमत्कारिक आकार चित्रकाराची लहर नाही, ती पाण्याने घातलेली अट आहे. इंजिन इतकं उंच असलं की जोर वाढवताच विमानाचं नाक खाली दबतं, आणि वैमानिकाला ते सांभाळत उडावं लागतं. शिवाय होडीचा तळ पाण्याला धरून बसतो, ओल्या ओट्यावर ठेवलेलं ताट बसतं तसा. तो सुटावा म्हणून तळाला आडवी पायरी देतात. वेग वाढला की विमान त्या पायरीपर्यंत वर येतं, पाण्यावरून घसरायला लागतं आणि मग हवेत जातं. (पायरी फ्लोटलाही असते, तो काही फरक नव्हे.)

आणि इंजिन वर गेल्यामुळे नाक रिकामं राहतं! पुढची एक मशीनगन काढून त्या जागेत विमानाची तरुण रचनाकार फिओ बसते, ते त्यामुळेच शक्य होतं. कर्टिसच्या विमानाच्या नाकात इंजिन ठासून भरलंय, तिथे मांजरसुद्धा मावणार नाही.

एक पंख की दोन, रंग कुठला, हे बघून ओळखायला जाऊ नका, त्याचा इथे संबंध नाही. मात्र खऱ्या सावोया एस.21 चा फोटो टाकून ‘हेच पोर्कोचं विमान’ म्हणणंही थांबवा. चित्रपटाने नाव तेच घेतलं असलं, तरी खरं एस.21 पंखांच्या दोन थरांचं होतं. पोर्कोच्या विमानाचा चेहरामोहरा माक्की या इटालियन कंपनीच्या एम.33 या फ्लाइंग बोटीशी जुळतो.

हे एम.33 1925 साली बाल्टिमोरला श्नायडर ट्रॉफी या सीप्लेनच्या शर्यतीत उतरलं होतं. जिंकलं कर्टिस कंपनीचं फ्लोटप्लेन आर3सी-2, वैमानिक जिमी डूलिटल, वेग ताशी सुमारे 374 किलोमीटर. एम.33 तिसरं आलं, ताशी सुमारे 271. हेच कर्टिस विमान त्याच महिन्यात चाकांवर पुलित्झर विमानशर्यत जिंकलेलं होतं. मग चाकं काढून फ्लोट बसवले. फ्लाइंग बोटीला अशी सोय नाही, तिची होडी काढून ठेवता येत नाही. फ्लोटना हवेचा अडथळा होतो, पण धड सडपातळ ठेवता येतं, आणि शर्यतीत तेच भारी पडलं. फ्लाइंग बोटीने ही ट्रॉफी शेवटची जिंकली ती 1922 साली, नेपल्सला. 1926 मध्ये खुद्द माक्कीने एम.39 फ्लोटवर बांधलं आणि ते जिंकलं.

म्हणजे मियाझाकींनी आपल्या नायकाच्या हाती शर्यतीत हरलेल्या घराण्याचं विमान दिलंय आणि समोर जिंकलेलं उभं केलंय. पोर्को आणि कर्टिसची झुंज म्हणजे 1925 चा तो सामना एड्रियाटिक समुद्रावर पुन्हा मांडलेला आहे, आणि मियाझाकींचं मन उघडपणे होडीच्या बाजूला आहे. जपान एअरलाइन्सच्या प्रवाशांसाठी छोटा चित्रपट म्हणून सुरुवात झाली, एवढ्यावरून याला हलकंफुलकं ठरवणाऱ्यांना ही बाजू दिसतच नाही. मला विचाराल तर उड्डाणावरचा मियाझाकींचा सर्वांत चांगला चित्रपट हाच.

पुढच्या वेळी बघताना सुरुवातीचाच प्रसंग घ्या. इंजिन कुरकुरत असताना पोर्को खाडीतून निघतो, तेव्हा त्याच्याकडे नको, विमानाच्या तळाकडे बघा.