झाडाच्या अंगावरच्या तारखा

माझा मावसभाऊ मिनियापोलिसला असतो. दर उन्हाळ्यात चार दिवस तो होडी घेऊन बाउंडरी वॉटर्समध्ये गायब होतो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं हे सुमारे 4,400 चौरस किलोमीटरचं जंगल. हजाराच्या वर तलाव, आत रस्ते नाहीत, बहुतेक पाण्यात मोटारबोटीला बंदी. एक तलाव संपला की होडी खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तलावापर्यंत चालायचं. या पायवाटांना पोर्टेज म्हणतात आणि त्यांची लांबी अजूनही 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढा.

यंदा त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर एका लाल पाइनचा फोटो टाकला. खोडावर माणसाच्या छातीच्या उंचीला साल नसलेला उभा पट्टा, आत करडं पडलेलं जुनं लाकूड, दोन्ही कडा ओठांसारख्या आत वळलेल्या. "हे काय असेल?" अस्वल, वीज, परग्रहवासी अशी उत्तरं आली. एका काकांनी व्हायकिंग लोकांचा एक लांबलचक फॉरवर्डही टाकला. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटाला ही खोड जुनीच आहे. 1898 मध्ये तिथल्या केन्सिंग्टन गावाजवळ एका शेतकऱ्याला 1362 साल कोरलेली, व्हायकिंगांच्या रून लिपीतली शिळा 'सापडली'. ती एकोणिसाव्या शतकातलीच बनावट आहे असं अभ्यासकांचं मत कधीच झालंय, पण शिळेचं संग्रहालय मजेत चालू आहे.

गंमत अशी की खरं उत्तर या सगळ्यांपेक्षा रंगतदार आहे, आणि झाड ते सालासकट सांगतं.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करतो. एखाद्या भागातला हा थर मेला की तिथं पुन्हा लाकूड बनत नाही. शेजारचा जिवंत थर मात्र दरवर्षी एक वलय वाढवत कडेने जखमेवर सरकत राहतो. फोटोतले 'ओठ' ते हेच. म्हणजे जखमेनंतर ओठात किती वलयं पडली ते मोजलं की जखमेचं वर्ष हाती येतं.

या जंगलातल्या जुन्या पाइनवर अशा जखमा दोन प्रकारच्या दिसतात. पहिली आगीची. ही जमिनीपासून सुरू होते, बुंध्याशी रुंद आणि वर निमुळती, त्रिकोणी. ती खोडाला सगळीकडून होत नाही, एकाच बाजूला होते, आणि तेही बहुधा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला! आग वाऱ्याबरोबर पुढे सरकते तेव्हा खोडाला वळसा घालणारी हवा मागच्या बाजूला भोवरे करते. नदीतल्या खांबामागे पाणी फिरतं तसंच. त्या भोवऱ्यात ज्वाळा उंच होतात आणि जास्त वेळ रेंगाळतात. कॅम्बियम मरायला साधारण 60 अंश सेल्सिअस तापमान पुरतं, प्रश्न फक्त उष्णता सालीतून आत पोचायला किती वेळ लागतो याचा. उष्णता पसरण्याचा नियम असा की हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड, तर वेळ चौपट. म्हणून गवत आणि पालापाचोळा जाळत जाणाऱ्या हलक्या आगीत कोवळी रोपं जातात आणि जाड सालीचा म्हातारा लाल पाइन पाठीवर एक डाग घेऊन उभा राहतो. आता या डागाच्या कडेची साल पातळ, वर राळ झिरपलेली. पुढची आग आली की झाड तिथंच पुन्हा भाजतं आणि नवी नोंद पडते. शिवाय राळेमुळे ते लाकूड कुजत नाही. शंभर वर्षांपूर्वी लाकूडतोड्यांनी सोडलेले बुंधेसुद्धा वाचता येतात.

वलयात हंगामही असतो. वसंतात बनणारं लाकूड फिकट, उन्हाळ्याच्या शेवटी बनणारं गडद. डाग फिकट भागात पडला की गडद भागात की दोन वलयांच्या सीमेवर, यावरून आग वाढीच्या दिवसांत लागली की झाड निजलेलं असताना, ते कळतं.

पण मेलेल्या बुंध्याचं शेवटचं वलय कुठल्या सालचं? इथं नुसती मोजणी कामाची नाही. कोरड्या वर्षी वलय अरुंद, चांगल्या वर्षी रुंद, आणि एका भागातल्या सगळ्या झाडांत हा अरुंद-रुंद क्रम सारखा उमटतो, बारकोडसारखा. जिवंत झाडाचा बारकोड मेलेल्याशी जुळवत मागं जायचं. याच युक्तीने ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने 1929 मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या प्राचीन वस्त्यांना नेमकी सालं दिली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या मॉन्सूनचा अभ्यास झाला आहे, तोही याच कुळातला.

मिनेसोटा विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी या पद्धतीने सीमेवरच्या तलावांतली बेटं तपासली. छोट्या छोट्या बेटांवर पुन्हा पुन्हा आगी लागलेल्या निघाल्या, आणि विसाव्या शतकात त्या जवळजवळ थांबल्या. वीज काय फक्त विसाव्या शतकापर्यंतच पडत होती? चहूबाजूंनी पाणी असलेल्या इवल्याशा बेटावर ती इतक्यांदा पडावी हेही अवघडच. आग लावणारे होते तिथले मूळ रहिवासी, अनिशिनाबे लोक. जळलेल्या जागी ब्लूबेरी भरघोस येते, मुक्कामाच्या तळावरची झुडपं साफ होतात. 1854 च्या करारानंतर या भागातली जमीन त्यांच्या हातून गेली, पुढे सरकारी वणवा-प्रतिबंध आला.

आता दुसऱ्या प्रकारची जखम, म्हणजे आमच्या फोटोतली. ही जमिनीला न टेकता वरच सुरू होते, कोळसा नाही, आणि कडेला कधी कुऱ्हाडीचे घाव. मुद्दाम साल सोलली की पाइन त्या जागी राळ सोडतो. बर्च या झाडाच्या सालीची होडी मुळांनी शिवलेली असते, तिचे सांधे चरबी आणि कोळशाची पूड मिसळलेल्या राळेने बुजवावे लागतात, आणि खडकाला घासली की परत बुजवावे लागतात. हा जलमार्ग फरच्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापाराचा हमरस्ता होता. सोललेल्या पाइनमधल्या बऱ्याच जखमा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्याच निघतात. थोडक्यात, ते झाड म्हणजे होड्यांच्या रस्त्यावरचं पंक्चरचं दुकान.

अमेरिकेच्या 1964 च्या कायद्यात अशा रानाची व्याख्या आहे: जिथं माणूस केवळ पाहुणा असतो, राहत नाही. मायरन हाइन्सेलमन या वन-अभ्यासकाने 1973 मध्ये इथल्या आगींचा नकाशा मांडला आणि आग हा या जंगलाचा भागच आहे हे पटवून दिलं. काम मोठंच, पण आगीमागच्या हातांना त्यात फारशी जागा नव्हती. 'अस्पर्श निसर्ग' या शब्दाचं मला म्हणूनच वावडं आहे. (हे वाचून कुणी सह्याद्रीत काडी ओढू नये. तिथली झाडं, माती, पाऊस, सगळंच वेगळं.)

आग बंद झाल्यापासून त्या म्हाताऱ्या पाइनखाली त्यांची स्वतःची रोपं फारशी रुजत नाहीत. त्यांना उघडी माती आणि ऊन लागतं. सावलीत वाढणारं बाल्सम फर नावाचं झाड मात्र दाटतं आहे.

भावाला एवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मग नेमकी जागा नकाशासकट टाकू का गटावर?" नको म्हटलं. त्या काकांचे फॉरवर्ड फार लांब जातात.